किलो, लिटर आणि एचपी: एककं धरून मोटर-पाइपचा हिशेब कसा करायचा

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचं पाणी सुरू झालं की ठिबकच्या कामाला बोलावणी येतात. नवीन मुलं सोबत असतात, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातला कोणीतरी विचारतो, “भाऊ, गेजवर दोन किलो प्रेशर दाखवून राहिलं, मग पाणी किती लिटर पडत असन?”

प्रश्न प्रामाणिक आहे, पण एवढ्यावर त्याचं उत्तर देता येत नाही. पोत्याचं वजन सांगून गावाचं अंतर विचारावं, तसं ते होतं. दाब ही एक गोष्ट, दर सेकंदाला वाहणारं पाणी ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये आणखी एक आकडा लागतो, आणि तो कोणता हे एककंच सांगतात. पुस्तकात याला मितीय विश्लेषण म्हणतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण सूत्र विसरलं तरी हिने वाट सापडते. दहावीपर्यंतचा गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

आधी शब्द उघडून पाहा

सगळा खेळ तीन मापांचा आहे: किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद. बाकीची मापं यांच्यापासूनच बनतात. कागदावर एवढं उतरवून घ्या:

बल म्हणजे वस्तुमान × त्वरण. एकक न्यूटन = किलोग्रॅम × मीटर ÷ (सेकंद × सेकंद).
दाब म्हणजे बल ÷ क्षेत्रफळ. एकक पास्कल = न्यूटन ÷ चौ. मीटर.
प्रवाह, म्हणजे आपला डिस्चार्ज, म्हणजे घनफळ ÷ वेळ. एकक घन मीटर ÷ सेकंद. एका घन मीटरमध्ये १,००० लिटर.

पास्कल हे नाव १९७१ मध्ये अधिकृत झालं, फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्यावरून. माप फार लहान आहे. एक चौ. मीटर जागेवर साधारण शंभर ग्रॅम वजन पसरलं की एक पास्कल झाला. म्हणून आपल्या कामात आकडे लाखात जातात, त्याला घाबरायचं नाही.

पद्धतीचा नियम एकच: आकडा कधी एकटा लिहायचा नाही, त्याच्यासोबत एकक लिहायचं, आणि अपूर्णांकात वरचं-खालचं जसं काटतो तशी एककंही काटायची. जे उरेल तेच उत्तराचं एकक. लिटर काढायला बसलात आणि शेवटी मीटर उरला, तर आकडा कितीही सुंदर आला तरी तो खोडा.

“अडीच इंची पाणी” म्हणजे किती?

आपल्याकडे विहिरीचं पाणी इंचात सांगायची सवय आहे. “मोटर अडीच इंची पाणी फेकते.” वावरात बोलायला हे चालतं, ठिबकच्या हिशेबाला चालत नाही. इंच हे लांबीचं माप. त्यात ना घनफळ, ना वेळ. लांबीपासून घन मीटर ÷ सेकंद गाठायचं तर काय कमी पडतं ते बघा: पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ घेतलं की चौ. मीटर मिळाला, आता मीटर ÷ सेकंद हवा. तो म्हणजे वेग.

चौ. मीटर × (मीटर ÷ सेकंद) = घन मीटर ÷ सेकंद. प्रवाह = क्षेत्रफळ × वेग. सूत्र पाठ नसतानाही हाती आलं.

बाजारात ज्याला अडीच इंची म्हणतात तो ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप. ते बाहेरचं माप. आतून साधारण ७० मिमी धरू. मीटरमध्ये ०.०७. गोल तोंडाचं क्षेत्रफळ = ०.७८५ × व्यास × व्यास, म्हणजे ०.७८५ × ०.०७ × ०.०७ = सुमारे ०.००३८५ चौ. मीटर. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने चाललं तर ३.८५ लिटर, दोन मीटरने चाललं तर ७.७ लिटर. पाइप तोच, इंच तेच, पाणी दुप्पट.

प्रवाह मोजायला ड्रम पुरतो

२०० लिटरचा ड्रम, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि एक माणूस. डिलिव्हरीचं तोंड ड्रममध्ये सोडा, काठापर्यंत भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजा, सरासरी घ्या. ठिबकचं मोजायचं असेल तर फिल्टरनंतर मोजा आणि व्हॉल्व्ह इतका आवळा की गेजवर चालू असतानाचाच दाब दिसेल. नाहीतर मोटर मोकळी होऊन जास्त पाणी फेकते आणि आकडा फसवतो.

समजा २५ सेकंद लागले. २०० लिटर ÷ २५ सेकंद = ८ लिटर ÷ सेकंद. तासाचं काढायचं तर ३,६०० सेकंद ÷ १ तास या अपूर्णांकाने गुणा. सेकंद काटले जातात, उरतात २८,८०० लिटर ÷ तास. हा अपूर्णांक म्हणजे खरं तर एकच आहे, वर-खाली तोच काळ. एकाने गुणल्याने पाणी बदलत नाही, फक्त माप बदलतं. सगळी एककं अशीच बदलायची.

याचा उपयोग लगेच होतो. संत्र्याच्या झाडाला तासाला ८ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे ३२ लिटर ÷ तास ÷ झाड. २८,८०० ला ३२ ने भागा, लिटर काटला, तास काटला, उरली ९०० झाडं. सहा बाय सहा मीटरवर लावलेली बाग असेल तर एकरी साधारण ११२ झाडं बसतात, म्हणजे ही मोटर एका वेळी आठ एकर ओढते. थ्री फेज लाइन आठ तास राहिली तर २८,८०० × ८ = २,३०,४०० लिटर. विहिरीत तेवढा पाझर आहे का, हे मात्र विहिरीलाच विचारावं लागेल.

दाब: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी आपण बोअर फुटात खोदतो, पाइप इंचात घेतो, प्रेशर किलोत वाचतो आणि हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मीटरमध्ये बघतो. सगळी मापं एकाच वावरात. म्हणून या पायरीवर घाई करू नका.

“दोन किलो प्रेशर” म्हणताना आपण अर्धंच बोलतो. पूर्ण वाक्य असं: दर चौ. सेंटिमीटरला दोन किलो वजनाएवढं बल. किलो म्हणजे वस्तुमान, त्याचं वजन म्हणजे बल, आणि एका किलोचं वजन ९.८१ न्यूटन. आता उघडू:

१ किलो ÷ चौ. सेमी = ९.८१ न्यूटन ÷ चौ. सेमी. एका चौ. मीटरमध्ये १०,००० चौ. सेमी. म्हणून ९.८१ × १०,००० = ९८,१०० न्यूटन ÷ चौ. मीटर, म्हणजे ९८,१०० पास्कल. बारकाईने घेतलं तर ९८,०६६.५, पण वावरात एक लाखाला थोडे कमी एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

आणि हेड? पाण्याची घनता १,००० किलोग्रॅम ÷ घन मीटर. तिला ९.८१ मीटर ÷ (सेकंद × सेकंद) ने गुणलं आणि मीटरमधल्या उंचीने गुणलं की पास्कलच उरतात, स्वतः काटून बघा. दर मीटर उंचीला ९,८१० पास्कल. म्हणजे दहा मीटर उभं पाणी = एक किलो. या एका ओळीवर माझं अर्धं काम चालतं. पाण्याची टाकी जमिनीपासून पाच मीटर उंच असेल तर तळाला नळावर अर्धा किलो मिळेल, टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची. उंचीच्या हिशेबात टाकीची रुंदी कुठे येतच नाही.

गेजवर बहुधा दोन पट्ट्या असतात: एक किलोची, एक पीएसआयची, म्हणजे दर चौरस इंचाला पौंड. सुरुवातीच्या वर्षांत एका बागेत मी काटा बाहेरच्या पट्टीवर २० ला बघितला आणि दोन किलो समजून काम सोडून आलो. ती पीएसआयची पट्टी होती. १ पीएसआय = ६,८९५ पास्कल, म्हणजे २० पीएसआय = १,३७,९०० पास्कल, भागिले ९८,१०० = १.४ किलो. शेवटच्या ओळींच्या टोकाला एक किलो हवा होता, तिथे अर्धाच पोहोचत होता. त्या ओळींतली झाडं सुकलेली दिसायला महिना लागला आणि फळगळ झाल्यावर चूक सापडली. त्या घरच्यांचं नुकसान अजून आठवतं. तेव्हापासून आकडा सांगताना त्याचं माप सांगितल्याशिवाय मी कोणाला थांबू देत नाही. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मंगळावर गेलेलं यान याच जातीच्या चुकीने गेलं: जमिनीवरच्या एका संगणक-प्रणालीने पौंड-सेकंदात आकडे दिले, पुढच्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.

दाब × क्षेत्रफळ: टोपी का उडते

पास्कल म्हणजे न्यूटन ÷ चौ. मीटर. त्याला चौ. मीटरने गुणलं की न्यूटन उरतो, म्हणजे बल. सबमेनच्या, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपच्या, टोकाला बसवलेल्या टोपीवर (एंड कॅप) किती जोर येतो ते यातून कळतं.

सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मोटर चालू राहिली आणि गेज तीन किलोवर गेला, असं धरा. ७० मिमी आतल्या मापाचं तोंड म्हणजे ३८.५ चौ. सेमी. ३ किलो ÷ चौ. सेमी × ३८.५ चौ. सेमी = ११५ किलो. एका मोठ्या माणसापेक्षा जास्त वजन त्या टोपीवर सतत रेटत असतं. पाइप चिकटवायचं सोल्युशन नीट सुकू दिलं नाही, की ती गोळीसारखी निघते. त्यामुळे पहिल्यांदा लाइन सुरू करताना टोपीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, लहान पोरांना तर धुऱ्याच्या पलीकडेच थांबवायचं. आणि मोटर सुरू करण्याआधी एक व्हॉल्व्ह उघडा असल्याची खात्री करायची.

याच हिशेबाने कळतं की १६ मिमीच्या लॅटरलचं, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या ठिबकच्या नळीचं, टोक नुसतं दुमडून कडीत अडकवलं तरी का टिकतं. आतलं क्षेत्रफळ दीड चौ. सेमीच्या आसपास, एक किलो दाबाला दीड किलोचा जोर. बोटाने दाबून धरता येतो तेवढा.

दाब × प्रवाह: मोटरच्या पाटीवरचा एचपी

दाबाला प्रवाहाने गुणलं तर काय येतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. काटून पाहिलं तेव्हा फार आनंद झाला होता.

(न्यूटन ÷ चौ. मीटर) × (घन मीटर ÷ सेकंद) = न्यूटन × मीटर ÷ सेकंद.

न्यूटन × मीटर म्हणजे काम, त्याचं एकक ज्यूल. ज्यूल ÷ सेकंद म्हणजे वॅट. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. किलो आणि लिटर यांना जोडणारा हरवलेला आकडा बऱ्याचदा हाच असतो: मोटर किती वॅटची.

आता पाटी वाचू. उदाहरणाला ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीत पाण्याखाली बसणारी मोटर, घ्या: ५ एचपी, ३.७ किलोवॅट, हेड ३० मीटर, डिस्चार्ज ८ लिटर प्रति सेकंद. दाब = ३० × ९,८१० = २,९४,३०० पास्कल. प्रवाह = ०.००८ घन मीटर ÷ सेकंद. इथे लिटरचा घन मीटर करायला विसरलात तर उत्तर हजारपट होतं. गुणाकार २,३५४ वॅट.

पाटीवर ३,७०० वॅट आणि पाण्याला मिळाले २,३५४. भागाकार ०.६४. वॅट ÷ वॅट, एकक काही उरलं नाही. अशा बिनएककाच्या आकड्याला घाबरू नका, ही पंपाची कार्यक्षमता आहे, शंभरातले चौसष्ट. उरलेले वॅट पंपातल्या घर्षणात आणि पाण्याच्या घुसळणीत गेले. हा आकडा कधी एकाच्या वर आला तर गणितात चूक आहे किंवा पाटी खोटी आहे.

यातूनच दुकानात कामी येणारी एक गोष्ट निघते. शक्ती ठरलेली असेल तर दाब वाढवला की प्रवाह घटणारच. “पाच एचपीत साठ मीटर हेडला आठ लिटर फेकते” असं कोणी सांगितलं तर ६० × ९,८१० × ०.००८ = ४,७०९ वॅट. मोटरच ३,७०० वॅटची. घेऊ नका.

आणि तुमच्या बागेला हेड किती लागतं? विहिरीतलं पाणी ८ मीटर खाली, पाइपमध्ये घर्षणाने जाणारे २ मीटर, फिल्टरवर हवे असलेले २ किलो. ८ + २ + २ = १२ असं करायचं नाही. मीटरमध्ये मीटरच मिळवता येतो. २ किलोचे आधी २० मीटर करा, मग बेरीज ३०.

दाबापासून वेग, आणि या पद्धतीची हद्द

आता पहिल्या प्रश्नाकडे. दोन किलो दाब आहे, स्प्रिंकलरचं नोझल ४ मिमी आहे, पाणी किती पडेल? वेग पाहिजे. दाबाला घनतेने भागून बघा:

पास्कल ÷ (किलोग्रॅम ÷ घन मीटर) = (मीटर × मीटर) ÷ (सेकंद × सेकंद).

हा वेगाचा वर्ग आहे, म्हणून वर्गमूळ घेतलं की वेग. पण खरं सूत्र आहे वेग = वर्गमूळ (२ × दाब ÷ घनता), आणि त्यातला २ एककांनी सांगितला नाही. सांगूच शकत नाही, कारण २ ला एकक नाही. ही या पद्धतीची मर्यादा आहे. एककं सूत्राचा सांगाडा देतात, आतला निव्वळ आकडा प्रयोगातून किंवा पुस्तकातूनच आणावा लागतो. एककं जुळली म्हणजे सूत्र बरोबर असेलच असं नाही, जुळली नाहीत तर मात्र ते नक्की चूक.

२ × १,९६,२०० ÷ १,००० = ३९२. वर्गमूळ १९.८ मीटर ÷ सेकंद. ४ मिमी नोझलचं क्षेत्रफळ ०.००००१२५७ चौ. मीटर. गुणाकार सेकंदाला सुमारे पाव लिटर, तासाला ९०० लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात थोडं कमी येतं, कारण धार तोंडाशी किंचित आकसते आणि थोडा जोर घर्षणात जातो.

वर्गमूळ लक्षात ठेवा. दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट होत नाही, १.४१ पट होतं. पाणी दुप्पट हवं तर दाब चौपट. साध्या ड्रिपरचंही जवळपास असंच: एक किलोला ४ लिटर देणारा अर्ध्या किलोला २.८ देतो. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे ड्रिपर वेगळे असतात, त्यांना हा हिशेब लावू नका.

कोपऱ्यावरचं बल

एल्बोवर, म्हणजे पाइपच्या कोपऱ्यावरच्या जोडावर, पाणी वळतं, आणि वळवायला बल लागतं. त्याचं सूत्र एककांतून शोधा: घनता × प्रवाह × वेग = (किलोग्रॅम ÷ घन मीटर) × (घन मीटर ÷ सेकंद) × (मीटर ÷ सेकंद). उरतं किलोग्रॅम × मीटर ÷ (सेकंद × सेकंद), न्यूटनच. आपल्या पाइपमध्ये वेग ०.००८ ÷ ०.००३८५ = २.०८ मीटर ÷ सेकंद, म्हणून १,००० × ०.००८ × २.०८ = १७ न्यूटन. पावणेदोन किलोही नाही.

पण एल्बोवर दाबाचंही बल असतं, दोन किलो दाब धरला तर १,९६,२०० × ०.००३८५ = ७५५ न्यूटन. दोन्ही न्यूटन, त्यामुळे मिळवता येतात: ७७२. काटकोनात वळणाऱ्या एल्बोला दोन्ही बाजूंनी तेवढंच, एकत्र मिळून १.४१ पट, म्हणजे १,०९० न्यूटन, सुमारे १११ किलो. एल्बो बाहेर ढकलणारा जोर वाहत्या पाण्याचा असावा असं सगळ्यांना वाटतं, हिशेब सांगतो तो बहुतेक सगळा दाबाचा आहे. म्हणून सबमेनच्या कोपऱ्यामागे काँक्रीटचा ठोकळा घालायचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, नुसत्या तिच्या भरवशावर एल्बो सोडायचा नाही.

काठावरची मोटर पाणी किती खोलून ओढेल

हा शेवटचा हिशेब मोनोब्लॉकवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची मोटर विहिरीच्या काठावर आहे त्यांच्यासाठी. सक्शनमध्ये मोटर पाणी वर खेचते असं आपण म्हणतो, पण ती फक्त पाइपमधला दाब कमी करते. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. इटलीत तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये एका पत्रात हेच मांडलं होतं: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल. त्याला ९,८१० पास्कल ÷ मीटर ने भागा, पास्कल काटला, उरले १०.३ मीटर. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, हवा तेवढी हलकी, म्हणून आपल्याकडे दहाच्या जरा आत. यात मोटरचा एचपी कुठेही आलेला नाही. पाचची काढून दहा एचपीची बसवली तरी ही हद्द एक बोटभरही सरकत नाही. फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप), एल्बो आणि पाइपचं घर्षण यात आणखी दोन-तीन मीटर खातात, म्हणून व्यवहारात सहा-सात मीटर धरा.

दोरीला दर मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा, फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा पाण्याची पातळी मोजून पाटीवर खडूने लिहा. एप्रिलमधली पातळी मोटरच्या बैठकीपासून सात मीटरच्या खाली जात असेल, तर विहिरीत खाली बैठक करून मोटर उतरवा किंवा सबमर्सिबल घ्या, आणि ते काम पाणी तुटायच्या आधी उरका.